कंबर, आखूड पाय आणि आपले मॉन्ट्रियल

मंडळी, मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ उपसून झाला, की आपल्यापैकी अनेकांना आठवण होते ती कंबरेची! गावाकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधत आणि त्याचा पाय पाठीला लावून घेत. हाड सरकले तर हाडवैद्य होताच. गंमत म्हणजे क्विबेकच्या खेड्यांतही असे हाडवैद्य होते. त्यांना इथे 'रामांशर' म्हणत.

पुढे या हातांच्या विद्येच्या रीतसर शाखा झाल्या. अमेरिकेत डॉ. अँड्र्यू स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली. टोरोंटोजवळ जन्मलेल्या डॅनियल पामर यांनी १८९५ मध्ये आयोवात कायरोप्रॅक्टिक सुरू केले. क्विबेकने कायरोप्रॅक्टिकला १९७३ मध्ये कायद्याने मान्यता दिली, तर १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला ऑस्टिओपॅथीचे कॉलेज निघाले.

अशा ठिकाणी टेबलावर पालथे निजवून टाचा जुळवून पाहतात आणि सांगतात, "तुमचा एक पाय आखूड आहे." ऐकणारा घाबरतोच. पण यात दोन प्रकार असतात. कधी हाडाचीच लांबी कमी असते, तर कधी स्नायू आखडून कंबरेचे हाड तिरपे झाल्याने पाय फक्त आखूड 'दिसतो'. २००५ च्या एका आढाव्यानुसार सुमारे ९० टक्के लोकांच्या पायांत थोडाफार फरक असतो, सरासरी ५ मिलिमीटर. आणि बहुतेकांच्या बाबतीत हा फरक साधारण २० मिलिमीटरपर्यंत जाईतो त्याला फारसे महत्त्व नसते. म्हणजे दुखण्याचा आळ पायावर घेण्याआधी नीट मोजलेले बरे!

मग हात फिरवल्यावर बरे का वाटते? त्याचे एक उत्तर मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी दिले. मॉन्ट्रियलमध्येच जन्मलेल्या (१९२९) मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ मध्ये मांडले, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असते आणि स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना तिथेच अडवू शकतात. आजीने चोळलेल्या तेलाला शास्त्राचा असा दुजोरा मिळाला! १९८७ मध्ये मॅकगिलच्याच वॉल्टर स्पिट्झर यांच्या अध्यक्षतेखालील क्विबेकच्या तज्ज्ञगटाने पाठदुखीवरचे उपचार तपासले. त्यातल्या बऱ्याच उपचारांना भक्कम पुरावाच नव्हता, आणि फार दिवस अंथरुणाला खिळून राहण्याच्या सल्ल्यालाही आधार नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाबरोबर मणक्यांवरचे हातोपचार आणि मालिश यांनाही जागा आहे. कंबरपट्टा आणि मणका ताणण्याचे उपचार मात्र सरसकट करू नयेत, असे ती सांगते.

तेव्हा हातांनी आराम पडत असेल तर जरूर घ्या, पण चालणे आणि व्यायाम सोडू नका. आणि पायांतली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर हाडवैद्य नको, थेट इस्पितळ गाठा.