पांढरी ओंबी

काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टसाठी मी दर सोमवारी मिनियापोलिसहून फार्गोला जात असे. इंटरस्टेट ९४ वर फर्गस फॉल्स मागे पडलं की थोड्या वेळात जमीन परातीसारखी सपाट होते. हे रेड रिव्हरचं खोरं. जुलैत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू, शुगर बीट, सोयाबीन. क्लायंटच्या टीममध्ये साठीला टेकलेले एक प्रोग्रामर होते. एकदा कॉफी घेताना मी सहज विचारलं, "तुम्ही आयटीत कसे आलात?" मला वाटलं, आता जुन्या मेनफ्रेमच्या गोष्टी ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "बुरशीमुळे!"

आपल्यापैकी बरेच जण बारावीच्या मार्कांमुळे आयटीत आले. बुरशीमुळे आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचं बोलणं नीट समजावं म्हणून वाचायला लागलो, त्यातून हा लेख झाला.

गोष्ट १९९३ च्या उन्हाळ्याची. त्या वर्षी मिसिसिपीला आलेला महापूर सगळ्यांना आठवतो. पण उत्तरेला, नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, वेगळंच संकट चालू होतं. गव्हाची ओंबी फुलोऱ्यावर असते ती जेमतेम काही दिवस. नेमका तेव्हाच पाऊस लागून राहिला, हवा दमट झाली. पीक तोवर छान डोलत होतं. मग हिरव्या ओंब्या मधूनच पांढऱ्या पडायला लागल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, गहू जरा लवकर पिकला. ओंबी हातात घेतली की बुडाशी गुलाबी-केशरी बुरशी दिसायची. आत दाणे सुरकुतलेले, खडूसारखे पांढरे. इथले शेतकरी अशा दाण्याला 'टूम्बस्टोन' म्हणतात, म्हणजे थडग्याचा दगड. मळणीच्या यंत्रात हलके दाणे भुश्याबरोबर उडून गेले. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या एका हंगामाचं नुकसान सुमारे १ अब्ज डॉलर धरलं जातं.

या रोगाचं नाव फ्युजेरियम हेड ब्लाइट, बोलीभाषेत 'स्कॅब'. आपल्याकडच्या शेतकऱ्याला गव्हाचा तांबेरा चांगला ठाऊक असतो, पण हा त्याहून वेगळा. तांबेरा मुख्यतः पानं आणि खोड धरतो, हा थेट ओंबीवर येतो. इंग्लंडमध्ये १८८४ साली याचं वर्णन झालं. अमेरिकेत १९१९ मध्येही मोठी साथ आली होती. मग १९९३ मध्ये एवढा जोर कशामुळे? पाऊस हे मोठं कारण, पण एकटं नव्हे. १९३० च्या दशकात इथे धुळीच्या वादळांनी सुपीक माती उडवून नेली होती. तो धडा घेऊन पुढे शेतकऱ्यांनी नांगरट कमी केली आणि धसकटं शेतातच ठेवायला सुरुवात केली. माती वाचली, पण मक्याच्या आणि गव्हाच्या त्याच धसकटांवर ही बुरशी हिवाळा काढते आणि उन्हाळ्यात बीजाणू हवेत सोडते. एक बग फिक्स करताना दुसरा कसा शिरतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

बरं, उरलेला गहू तरी विकावा, तर त्यात विष. बुरशी दाण्यात डिऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचं द्रव्य सोडते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये बुरशी लागलेल्या बार्लीतून ते वेगळं काढलं गेलं. त्याच सुमारास अमेरिकेत डुकरं मका तोंडात घेईनात, म्हणून शोध घेतला तर तेच द्रव्य सापडलं. त्याचं टोपणनाव 'व्हॉमिटॉक्सिन', ओकारी आणणारं. नेहमीच्या भाजण्या-शिजवण्यानं ते पूर्ण जात नाही. १९९३ मध्येच अमेरिकन सरकारनं माणसांच्या खाण्यातल्या गव्हाच्या पदार्थांसाठी दहा लाखांत एक भाग ही मर्यादा सुचवली. त्यामुळे धान्य खरेदी केंद्रावर ट्रक उभा राहिला की आधी तपासणी, मग भाव पाडून मागणी. बिअरसाठी बार्ली घेणारे तर आणखी काटेकोर. तिथली बार्ली हळूहळू पश्चिमेकडे, कोरड्या भागात सरकली.

साथ एका वर्षात संपली नाही. नव्वदच्या दशकात ती पुन्हा पुन्हा आली. माझ्या सहकाऱ्यांच्या घरी १९९८ मध्ये लिलाव झाला. ट्रॅक्टर, नांगर, वडिलांची हत्यारं अंगणात मांडली आणि शेजारीच बोली लावायला आले. "वडील घरातच बसून राहिले. खिडकीचा पडदासुद्धा सरकवला नाही," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कॉलेजात जाऊन प्रोग्रामिंग शिकलं.

पुढे काय झालं? १९९७ मध्ये शास्त्रज्ञ, शेतकरी, गिरणीवाले आणि बिअरवाले एकत्र आले आणि स्कॅबविरुद्ध देशव्यापी संशोधन सुरू झालं. मदत आली ती चीनमधून. सुझौचा 'सुमाई ३' हा गहू या रोगाला बराच टिकून राहतो. त्याचा गुण घेऊन नॉर्थ डाकोटाच्या विद्यापीठानं २००० साली 'अल्सेन' हे वाण दिलं आणि शेतकऱ्यांनी ते उचलून धरलं. आता हवामानाच्या आकड्यांवरून धोक्याचे नकाशे निघतात. ते पाहून फुलोऱ्याच्या वेळी फवारणी करायची की नाही ते ठरतं. तरी रामबाण उपाय अजून नाही. वाण, पिकांची फेरपालट आणि वेळेवर फवारणी, सगळं मिळूनच जमतं.

आपला याच्याशी काय संबंध? इथे मिळणाऱ्या पोळीच्या पिठात अनेकदा डुरम गहू असतो, आणि डुरमवर हा रोग चटकन पडतो. नॉर्थ डाकोटा हे अमेरिकेतलं डुरमचं मोठं आगर. भारतातही १९८७ मध्ये काश्मीर खोऱ्यात पावसानं भिजलेल्या, बुरशी धरलेल्या गव्हाची रोटी खाऊन लोक आजारी पडले होते, आणि त्या गव्हातही हेच विष सापडलं. लहानपणी आजी सुपात गहू पाखडून पोचट, डागाळलेले दाणे बाजूला काढायची. तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. आता पिठाची तयार पिशवी आणताना तिची आठवण येते.

प्रोजेक्ट संपला त्या शुक्रवारी सहकारी मला गावाबाहेर घेऊन गेले. रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यांनी एक ओंबी तोडली, तळव्यावर चोळली, फुंकर मारली. दाणे हिरवट, टपोरे होते. "या वर्षी बरं दिसतंय," ते म्हणाले. शेत त्यांचं नव्हतं. पण दर जुलैत ते असे थांबतात म्हणे.