संगणकीय खेळांतील फ्रेमच्या वेळेचा इतिहास

संगणकीय खेळातली हालचाल म्हणजे झरझर बदलणाऱ्या स्थिर चित्रांची, अर्थात फ्रेम्सची, मालिका. फ्रेम कधी बदलायची आणि तेवढ्यात खेळातला काळ किती पुढे न्यायचा, हे दोन हिशेब सुरुवातीला एकच होते. ते वेगळे व्हायला जवळजवळ तीन दशके लागली.

१९७७ च्या अटारी २६०० मध्ये अख्खे चित्र साठवण्याइतकी मेमरीच नव्हती. टीव्हीचा किरण पडद्यावर ओळ आखत असतानाच प्रोग्रामला त्या ओळीचा मजकूर पुरवावा लागे. एका फ्रेमला २६२ ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० फ्रेम्स, या तालावरच सगळा खेळ चाले. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये दर फ्रेमला एकच परग्रहवासी सरकवला जाई. ५५ जण असताना सगळ्यांचे एक पाऊल पडायला जवळपास सेकंद लागे. जसजसे ते मरत, तसतसे उरलेले वेगाने धावत. खेळ चढत जातो हे पाहून त्याचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी हा परिणाम तसाच ठेवला.

दर फ्रेमला एक पाऊल, ही रीत यंत्र बदलले की अंगाशी येई. अमेरिका व जपानमधले टीव्ही ६० हर्ट्‌झचे, युरोपातले ५० हर्ट्‌झचे; त्यामुळे फेरफार न करता युरोपात नेलेला खेळ सहाव्या हिश्शाने मंदावे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झचा होता. त्यावरचे अनेक खेळ रिकामी आवर्तने मोजून वेळ काढत. वेगवान पीसी आल्यावर ते खेळता येणार नाहीत इतके सुसाट पळू लागले. म्हणूनच आयबीएम पीसीशी सुसंगत संगणकांवर वेग उतरवणारे ‘टर्बो’ बटण दिसू लागले.

उपाय होता खरे घड्याळ पाहण्याचा. १९९३ च्या ‘डूम’ने खेळाचा काळ सेकंदाला ३५ टप्प्यांवर बांधला; व्हीजीए पडद्याच्या ७० हर्ट्‌झच्या हे बरोबर निम्मे. दुसरी रीत अशी, की मागची फ्रेम होऊन जितका वेळ गेला तितकीच वस्तू सरकवायची. पण तिच्यात फ्रेमच्या लांबीप्रमाणे उत्तर बदलते. १९९९ च्या ‘क्वेक ३’मध्ये सेकंदाला १२५ फ्रेम्स असताना, म्हणजे ८ मिलिसेकंदांत, गुरुत्वाकर्षणाने वेग ६.४ ने घटायला हवा. पूर्णांकात बसवताना तो ६ नेच घटे आणि खेळाडू जास्त उंच उडे.

दोन्ही रीतींचा मेळ घालणारी पद्धत ग्लेन फीडलर यांच्या २००४ च्या लेखामुळे प्रोग्रामरांमध्ये रुळली. खेळाचे टप्पे समान ठेवायचे आणि उरलेला वेळ हातचा धरायचा. टप्पा १६.६७ मिलिसेकंदांचा आणि फ्रेमला २० लागले, तर एक टप्पा पुढे जातो व ३.३३ शिल्लक राहतात. चित्र मग मागच्या आणि ताज्या स्थितीच्या मधले, एक पंचमांश अंतरावरचे काढले जाते.

एवढे करूनही झटके राहिले. पडद्याच्या तालाला बांधलेली फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांत तयार झाली नाही, तर पुढच्या फेरीपर्यंत, ३३.३३ पर्यंत, थांबते. सेकंदाच्या सरासरीत असे अडखळणे लपते. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी ग्राफिक्स कार्डांच्या चाचणीत प्रत्येक फ्रेमचा वेळ मांडून ते उघड केले. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या जी-सिंकने क्रम उलटवला: फ्रेम तयार झाली की मगच, आपल्या मर्यादेत राहून, पडदा ताजा होऊ लागला.