एका लांकडी कॅमेऱ्याचा जीर्णोद्धार व त्यांतून मिळालेला पुरावा

ऐतिहासिक साधन म्हटलें म्हणजे कागद, शिलालेख, ताम्रपट व नाणीं हींच प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. छायाचित्र हेंही एक साधन होय, हें आतां सर्वमान्य झालें आहे. परंतु ज्या यंत्रानें छायाचित्र काढिलें, त्या यंत्राकडे साधन म्हणून पाहण्याची आपली संवय नाहीं. प्रस्तुत लेखांत एका जुन्या लांकडी कॅमेऱ्याची दुरुस्ती करीत असतां आम्हांस जें आढळलें, आणि दुरुस्तीच्या भरांत आमच्याच हातून जें नष्ट झालें, तें दोन्ही वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

सदर कॅमेरा पुण्यांतील एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर फडक्यांत गुंडाळून ठेविलेला होता. वाड्याच्या मालकांनीं तो अभ्यासासाठीं आमच्या स्वाधीन केला. त्याची घडण येणेंप्रमाणें: मागील व पुढील चौकट महॉगनी लांकडाची, कोपरे पितळी पट्ट्यांनीं बांधलेले, दोन्ही चौकटींच्या मध्यें कातड्याचा घड्यांचा भाता, पुढें पितळी नळींत बसविलेलें भिंग, मागें दुधी कांचेची चौकट, तिची कांच मात्र फुटलेली. सोबत प्लेट ठेवण्याच्या, पुस्तकाप्रमाणें उघडणाऱ्या तीन पेट्या होत्या. पेटींतील खांचेचें माप ८.५ × ६.५ इंच भरलें. निर्मात्याचें नांव यंत्रावर कोठेंही नाहीं; नांवाची पट्टी जेथें असावी तेथें दोन बारीक भोंकें तेवढीं उरलीं आहेत.

मालकांच्या घराण्यांत अशी समजूत चालत आली आहे, कीं सत्तावनच्या धामधुमींत एका साहेबानें हा कॅमेरा त्यांच्या पूर्वजांस दिला. ही समजूत एकदम हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. छायाचित्रणाची दागेर यांची रीत पॅरिस येथें १८३९ सालीं प्रसिद्ध झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते, व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः नामांकित छायाचित्रकार होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षीं मुंबई सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस विजापूर, ऐहोळे, बदामी येथील इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमिलें. तेव्हां सत्तावन सालीं या प्रांतांत कॅमेरे होते, यांत संशय नाहीं. परंतु त्या वेळीं कॅमेरे होते म्हणून हाच कॅमेरा त्या वेळचा, असें ठरत नाहीं. संभव निराळा आणि पुरावा निराळा.

यंत्राची साक्ष काढितां ती घराण्याच्या समजुतीविरुद्ध पडते. प्रथम भिंग पाहूं. नळीच्या दोन्ही टोकांस सारख्याच घडणीचे दोन संच असून मध्यें छिद्र लहानमोठें करण्याची सोय आहे. दिवा समोर धरून प्रतिबिंबें मोजिलीं असतां प्रत्येक संचांत दोन ठळक व एक अंधुक अशीं प्रतिबिंबें दिसतात. अंधुक प्रतिबिंब हें दोन कांचा एकमेकींस चिकटविल्याची खूण होय. अशा जोडभिंगांची ही सममित रचना लंडनचे डॉलमेयर व जर्मनींतील स्टाइनहाइल यांनीं १८६६ सालीं प्रचारांत आणिली. त्यापूर्वींचें हें भिंग असूं शकत नाहीं. मात्र भिंग मागाहून बदलतां येतें. म्हणून केवळ त्यावरून कॅमेऱ्याचें वय ठरविणें बरोबर नव्हे.

अधिक महत्त्वाची साक्ष प्लेटच्या पेट्यांची आहे. १८५१ पासून पुढें सुमारें तीस वर्षें कलोडियनची ओली रीत रूढ होती. तींत कांचेवर लेप देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावी लागे, व ती ओली आहे तोंच चित्र घेऊन तें धुवावें लागे. द्रावणाचे थेंब पेटीच्या खालच्या कडेस ठिबकत आणि तेथील लांकूड काळें पडे. आमच्या तीनही पेट्यांत असा एकही डाग नाहीं. शिवाय प्रत्येक पेटींत दोन प्लेटा पाठीस पाठ लावून बसतात. ओल्या रीतींत दुसरी प्लेट वाट पाहतां पाहतां सुकून निरुपयोगी झाली असती. तेव्हां या पेट्या कोरड्या प्लेटांसाठींच केलेल्या आहेत. कोरड्या प्लेटची कल्पना मॅडॉक्स यांनीं १८७१ सालीं प्रसिद्ध केली व अशा प्लेटा बाजारांत सर्रास मिळूं लागल्या त्या त्या दशकाच्या अखेरीस. पेट्या मागाहून केल्या असतील, अशी शंका कोणी घेईल. पण कॅमेऱ्याच्या मागील चौकटीवर जोडणीचा जो अंक ठोकलेला आहे, तोच तीनही पेट्यांवर त्याच ठशानें ठोकलेला आहे. यावरून सदर कॅमेरा १८८० च्या फारसा आधींचा नसावा, असा आमचा निर्णय आहे. घराण्याची समजूत या कॅमेऱ्यास लागूं पडत नाहीं.

आतां दुरुस्तीकडे वळूं. येथें आम्हांस आपला एक अपराध सांगितला पाहिजे. लांकडावर धुराचा व तेलकट मळाचा थर होता. तो काढण्यासाठीं आम्हीं डाव्या बाजूस स्पिरिटमध्यें भिजविलेलें फडकें फिरविलें. या कॅमेऱ्यांचें पॉलिश चपडी लाखेचें असतें. ही लाख आपल्याच देशांतून विलायतेस जात असे, व तेथें स्पिरिटमध्यें विरघळवून लांकडावर चढविली जाई. जी वस्तु स्पिरिटमध्यें विरघळवून चढविली, ती स्पिरिटनेंच उतरणार, हें आम्हांस ठाऊक असूनही त्या क्षणीं सुचलें नाहीं. फडकें तांबूस झालें, आणि ज्याला आम्ही मळाची रेघ समजत होतों ती शाईनें लिहिलेली ओळ होती, हें ती जात असतांना आमच्या ध्यानांत आलें. अक्षरें लांकडावर नसून पॉलिशवर लिहिलेलीं होतीं. शेवटचीं ‘कर’ हीं दोन अक्षरें तेवढीं वांचलीं. तें बहुधा एखाद्या आडनांवाचें टोंक असावें. आधीं त्या बाजूचें छायाचित्र घेतलें असतें तर तें आडनांव आज वाचतां आलें असतें. तें आम्हीं घेतलें नव्हतें. ती ओळ आतां कोणासही मिळावयाची नाहीं.

या प्रसंगानंतर आम्हीं काम थांबविलें व असा नियम केला, कीं कोणत्याही भागास हात लावण्यापूर्वीं त्याचें माप घ्यावें, छायाचित्र घ्यावें व टिपण करावें. काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या भोंकांतून निघाला त्याच्या अंकासह निराळ्या पुडींत ठेवावा. या नियमाचें फळ लवकरच मिळालें.

कॅमेऱ्याच्या तळाची एक फळी महॉगनीची नसून सागवानाची आहे, हें स्क्रू काढितांना दिसलें. ती ज्या पितळी पट्टीनें जोडली आहे, तिच्या कडा कानशीनें घासलेल्या व पाठीवर हातोडीच्या खुणा आहेत. त्या पट्टीच्या स्क्रूंच्या डोक्यांवरील खांचा मध्यावर नाहींत. त्या हातानें पाडलेल्या आहेत. उघडच ही फळी व ही पट्टी विलायती कारखान्यांतील नव्हे. कोणा सुतारानें व कोणा पितळकाम करणाऱ्या कारागिरानें येथेंच ती बसविली.

भात्याची स्थिति याहून चमत्कारिक निघाली. अशा भात्यांत बाहेर कातडें, आंत काळें कापड व दोहोंच्या मध्यें घडी ताठ राहावी म्हणून जाड कागदाच्या पट्ट्या असतात. आमच्या भात्याचा पुढील अर्धा भाग मूळचा तांबड्या कातड्याचा आहे. मागील अर्धा भाग निराळ्या, पातळ कातड्याचा असून सरसानें जोडलेला आहे. या भागाचें अस्तर एका कोपऱ्यांत उसवलें होतें व तेथून सुटलेली एक पट्टी घडींत अडकून राहिली होती. ती बाहेर काढून पाहतां ती कोरी नव्हती. जमाखर्चाच्या कागदास कागद चिकटवून ती केलेली होती, व वरच्या थरावर मोडी अक्षरें होतीं. गुळाच्या ढेपा, हमाली व त्यांपुढील रकमा इतकें वाचतां येतें. वरच्या टोंकास ‘शके १८३’ इतकें स्पष्ट असून पुढील अंक कात्रींत गेला आहे.

या तुटक्या अंकावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. शके १८३० ते १८३९ म्हणजे इ. स. १९०८ ते १९१८. हिशेबाचा कागद या दहा वर्षांतला. भात्याची दुरुस्ती त्या आधींची असणें शक्य नाहीं. परंतु ती त्याच वेळची, असेंही म्हणतां येत नाहीं. रद्दी झालेली चोपडी वर्षानुवर्षें पडून राहते. म्हणून दुरुस्ती १९०८ नंतर केव्हां तरी झाली, एवढेंच विधान आम्ही करितों. मात्र मोडी हिशेबाची रद्दी ज्याच्या हाताशीं होती असा कारागीर येथलाच असला पाहिजे, हें अनुमान सागवानी फळीच्या साक्षीशीं जुळतें.

येथें आमच्यापुढें खरा पेंच पडला. या विषयांतील एका जाणत्या स्नेह्यांनीं सल्ला दिला, कीं सागवानी फळी काढून महॉगनीची बसवावी, ठिगळाचा भाता टाकून द्यावा आणि यंत्र दुकानांतून आलें त्या दिवशीं जसें होतें तसें करावें. हा सल्ला प्रामाणिक होता, आणि आम्हांसही आरंभीं तो पटला होता. परंतु विचारान्तीं आमचें मत उलट झालें. दुकानांतून निघालेल्या कॅमेऱ्याची हकीकत विलायती कारखान्याची हकीकत आहे. तसे कॅमेरे पुष्कळ संग्रहांत आहेत. या कॅमेऱ्याची आपल्या भूमींत घडलेली हकीकत मात्र त्या फळींत, त्या पट्टींत व त्या मोडी कागदांतच आहे. तीं काढून टाकणें म्हणजे जुन्या पत्राच्या समासांतील शेरे व मागील नोंदी खोडून पत्र ‘शुद्ध’ करण्यासारखें आहे. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास आरंभ केला, तेव्हांपासून अस्सल कागदास अस्सल म्हणूनच वागविण्याची शिकवण आपल्या संशोधनांत रुजली. ती शिकवण कागदापुरती व लांकडास लागूं नाहीं, असें कां मानावें?

आणखी एक गोष्ट. अशा अनाम कारागिरांचें काम तुच्छ मानण्याजोगें नाहीं. कोल्हापुरांत बाबुराव पेंटर यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवून १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणिली. केरळांतील आलप्पुळा येथें १९४० नंतरच्या दशकांत ‘वागीश्वरी’ नांवाचे सागवानी कॅमेरे तयार होऊं लागले. हीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. पण परक्या यंत्राचें पोट उघडून तें पुन्हा चालतें करणारे हात गांवोगांव असल्यावांचून असें कर्तृत्व एकाएकीं उभें राहत नाहीं. त्या हातांचे दस्तऐवज कोणीं लिहिले नाहींत. दुरुस्त केलेलीं यंत्रें हेच त्यांचे दस्तऐवज होत.

तरीही यंत्र चालतें करावयाचें होतें, कारण न चालणाऱ्या यंत्राची पुष्कळशी माहिती अज्ञातच राहते. काळोख्या खोलींत भात्याच्या आंत दिवा ठेवितां घड्यांच्या कोपऱ्यांतून तीसाहून अधिक ठिकाणीं प्रकाश फुटूं लागला. तितकीं ठिगळें लावणें म्हणजे जुनें कापड व कागद दोन्ही गमावणें होतें. म्हणून मधला मार्ग काढिला. जुना भाता ऊब व ओल देऊन अखंड सोडविला, व घड्या न दाबतां पेटींत ठेविला. नवा भाता त्याच मापानें केला आणि सरसानेंच बसविला. कारण सरस कोमट पाण्यानें पुन्हा सुटतो, आणि पुढील अभ्यासकास आमचें काम काढून टाकण्याची मोकळीक राहते. नव्या भात्याच्या आंत दुरुस्तीचें वर्ष लिहिलें आहे, म्हणजे तो कोणास जुना वाटणार नाहीं. सागवानी फळी जागच्या जागीं आहे. जुन्या भात्यांत आणखी पट्ट्या असून त्यांपैकीं एखादीवर शकाचा हरवलेला अंक असूं शकेल. त्या उघडण्याचा मोह अनावर होता. पण उघडावयाचें तर भाता फाडावा लागेल. न फाडतां वाचण्याचें साधन हातीं येईपर्यंत त्या मिटलेल्याच राहाव्या, असें आम्हीं ठरविलें.

फुटलेल्या दुधी कांचेच्या जागीं साधी कांच कार्बोरंडमच्या पुडीनें पाण्यांत घासून बसविली. तिची खरखरीत बाजू भिंगाकडे ठेविली, व ती बाजू आणि पेटींतील प्लेटचा पृष्ठभाग चौकटीपासून समान अंतरावर येतात, याची मापानें खात्री केली. यांत चूक झाल्यास कांचेवर रेखीव दिसणारें चित्र प्लेटवर अस्पष्ट उमटतें.

पहिलें चित्र कशाचें घ्यावें, याबद्दल आम्हांत दुमत नव्हतें. ती सुटलेली मोडी पट्टी खिडकीशीं फळीवर लाविली. दुधी कांचेवर तीं अक्षरें उलटीं, डोकें खालीं व पाय वर अशीं उमटलीं. प्लेटच्या जागीं ब्रोमाइड कागद बसवून ४० सेकंदपर्यंत भिंग उघडें ठेविलें. त्यावरून काढिलेल्या सुलट प्रतींत कागदाचा पिवळेपणा काळपट आला आहे, कारण ब्रोमाइड कागदास पिवळा रंग जवळजवळ दिसत नाहीं. तरी काजळीच्या शाईचीं अक्षरें त्यांतून ओळखूं येतात. वाचण्यास ही प्रत सोयीची नाहीं, हें आम्ही कबूल करितों. परंतु ज्या भात्याच्या पोटांत तो कागद इतकीं वर्षें दडून होता, त्याच कॅमेऱ्यानें तो आपल्यापुढें आणिला, म्हणून ती मूळ पट्टीसोबतच ठेविली आहे.

असो. अनेक घरांच्या माळ्यांवर असे कॅमेरे अद्याप पडून असतील. ज्यांच्या हातीं ते येतील त्यांस आमची विनंति एवढीच, कीं पितळ चकचकीत करण्यापूर्वीं व लांकडास पॉलिश देण्यापूर्वीं तें यंत्र उजेडांत धरून सर्व बाजूंनीं पाहावें, जें दिसेल तें लिहून काढावें व त्याचें छायाचित्र घ्यावें. मळाची रेघ ही कदाचित् कोणाचें नांव असेल. आम्हांस हें एका आडनांवाची किंमत देऊन कळलें; इतरांस तें विनामूल्य कळावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.