भाव न पडणारी शेती

गेल्या विकांताला वडील, म्हणजे आमचे दादा, परभणीहून पुण्याला आले होते. मी लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली खेळत बसलेलो. थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्यात भाव कोण ठरवतं रे?"

मंडळी, या खेळांचा इतिहास मजेशीर आहे. १९९६ साली जपानमध्ये यासुहिरो वादा यांनी 'हार्वेस्ट मून' केला. वादा मूळचे मियाझाकीच्या ग्रामीण भागातले, टोकियोत आलेले. मागे सुटलेलं गाव त्यांना खेळात आणायचं होतं. मग २००९ मध्ये फार्मविल आलं आणि फेसबुकवर जो तो शेतकरी झाला! ते २०२० च्या शेवटी बंद पडलं. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोनने एकट्याने बनवला. तो आला फेब्रुवारी २०१६ मध्ये. त्याच एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमच्या विहिरीत तेव्हा नुसता गाळ होता.

खेळात मात्र २० नाण्यांचं पार्सनिपचं बी पेरलं की चार दिवसांनी ३५ मिळतात. कितीही पिकवा, भाव पडत नाही. पाणी द्यायला विसरलात तर रोप वाळत नाही, फक्त वाढायचं थांबतं. टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला की तो पडतोच. म्हणजे मला निवांत वाटतं ते शेतीमुळे नाहीच, या खात्रीमुळे.

दादांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग ही शेती न्हाई, ही तर नोकरी झाली."

खरंय. माझा पगार दर महिन्याच्या एक तारखेला येतो.