बचावपटूचा बचाव कोण करणार?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. पायांत स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची कठीण चकती. तिला 'पक' म्हणतात. एका वेळी संघाचे सहाजण बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. आज मी सांगणार आहे ती गोष्ट बॉबी ऑर या बचावपटूची. त्याचं नाव निघतं ते विक्रमांसाठी. मला मात्र त्याच्या कारकिर्दीत एक निराळाच प्रश्न दिसतो. संघाला जो सांभाळतो, त्याला कोण सांभाळतं?

बॉबीचा जन्म २० मार्च १९४८चा, ऑन्टारिओ प्रांतातल्या पॅरी साउंड या लहानशा गावातला. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला. गोठलेल्या नदीवर पोर खेळायचं. 'बॉस्टन ब्रुइन्स' या संघाच्या माणसांनी त्याला लहानपणीच हेरलं. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते आणि एक अजब रीत होती. होतकरू मुलगा शोधायचा, आईवडिलांची सही घ्यायची, की त्याच्यावर त्या संघाचा हक्क लागला. दुसऱ्या संघाकडे जायची सोय नाही. १९६२मध्ये, चौदाव्या वर्षी, बॉबी असा बांधला गेला. मोबदल्यात थोडी रक्कम आणि राहत्या घराच्या भिंतींना गिलावा!

चार वर्षं तो ओशावाच्या कुमार संघाकडून खेळला. १९६६मध्ये बॉस्टनशी करार करायची वेळ आली, तेव्हा वडिलांनी टोरंटोतल्या ॲलन ईगलसन या वकिलाला मध्ये घातलं. संघाच्या मालकांसमोर खेळाडूनं वकील घेऊन बसावं, हे तेव्हा आक्रीतच होतं. पण करार घसघशीत झाला. पाठोपाठ १९६७मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि ईगलसन तिचा प्रमुख झाला. खेळाडूंना वाटलं, आपल्याला वाली मिळाला.

इकडे बर्फावर ऑरनं बचावपटूची व्याख्याच बदलली. बचावपटूनं मागं राहावं, आपला गोल राखावा, ही जुनी शिकवण. ऑर पक घेऊन थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलापर्यंत धडक मारी आणि तितक्याच वेगानं परत जागेवर येई. या खेळात गोल करणाऱ्याला गुण मिळतो, तसा गोलासाठी पक पुरवणाऱ्यालाही मिळतो. १९७०मध्ये अशा १२० गुणांसह तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. १९७५मध्ये त्यानं पुन्हा तेच करून दाखवलं. दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला हे आजवर जमलेलं नाही. सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यानं १९६८ ते १९७५ सलग आठ वेळा मिळवला. १० मे १९७० रोजी जादा वेळेत गोल मारून त्यानं बॉस्टनला स्टॅन्ली कप जिंकून दिला. गोल होताच तो हवेत आडवा झेपावला होता. ते छायाचित्र कॅनडात घरोघरी ठाऊक आहे.

पण पक घेऊन धावणाऱ्याला धडका बसणारच. डावा गुडघा पुन्हा पुन्हा जायबंदी झाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. १९७६मध्ये बॉस्टनशी करार संपला आणि ऑर शिकागोकडे गेला. बॉस्टननं त्याला संघाच्या मालकीत साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता. ऑरच्या म्हणण्याप्रमाणे, ही गोष्ट ईगलसननं त्याला कळूच दिली नाही. ज्याला तो भावासारखा मानत होता, त्या माणसानं! शिकागोकडून तो जेमतेम २६ सामने खेळू शकला. नोव्हेंबर १९७८मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यानं निवृत्ती घेतली. हिशेब मांडले तेव्हा कळलं, की देणी आणि कर भागवल्यावर हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

इतर खेळाडूंचे डोळे उघडायला बरीच वर्षं गेली. निवृत्तिवेतनाच्या पैशांबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारणाऱ्यांत कार्ल ब्रूअर पुढे होता. तोही बचावपटूच. निवृत्त खेळाडू कोर्टात गेले आणि जिंकले. जानेवारी १९९८मध्ये ईगलसननं फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. त्याला अठरा महिन्यांची कैद झाली.

मला या गोष्टीतलं एक फार महत्त्वाचं वाटतं. मालकांच्या मनमानीवर उपाय म्हणून आलेल्या माणसालाही कुणी हिशेब विचारला नाही, कारण तो 'आपला' होता. चौदा वर्षांच्या मुलाच्या कागदावर सही करणाऱ्या आईबापांना निदान समोर संघ दिसत होता, त्याचा स्वार्थही दिसत होता. आपल्या माणसाचा स्वार्थ मात्र पटकन दिसत नाही.

ऑर पुढे स्वतःच खेळाडूंचा प्रतिनिधी झाला. कोवळ्या मुलांचे करार करायला तो त्यांच्या बाजूनं बसू लागला. गुडघ्यानं त्याला बर्फावरून कायमचं उठवलं, पण बचावाचं काम त्यानं सोडलं नाही.