रंधावांची गुलाबबाग

चंदीगड म्हटलं की ल कॉर्बुझिएचं नाव ठरलेलं. सरळसोट रस्ते, आखीव सेक्टर, उघडं काँक्रीट ही सगळी त्याची देणगी. पण सेक्टर १६मधल्या गुलाबबागेचं श्रेय मोहिंदरसिंग रंधावा या आयसीएस अधिकाऱ्याला द्यावं लागतं.

रंधावा मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. फाळणीनंतर पंजाबात आलेल्या निर्वासितांना जमिनी देऊन वसवण्याची मोठी जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. पुढे चंदीगडच्या कोणत्या रस्त्यावर कोणती फुलझाडं लावायची, याचा आराखडाही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. १ नोव्हेंबर १९६६ला हरियाणा वेगळा झाला आणि एका राजधानीवर दोन राज्यांनी हक्क सांगितला. केंद्राने शहर आपल्या ताब्यात ठेवलं व मुख्य आयुक्त म्हणून रंधावांना नेमलं. भांडण चालूच राहिलं (ते अजून मिटलेलं नाही!). रंधावांनी मात्र १९६७ साली सुमारे तीस एकरांवर गुलाब लावायला घेतले. बागेला नाव मिळालं त्याच वर्षी राष्ट्रपती झालेल्या डॉ. झाकीर हुसेन यांचं. नेत्यांची नावं बागांना उगाच चिकटवली जातात. इथे तसं नव्हतं. झाकीर हुसेन स्वतः गुलाबांचे पक्के षौकीन होते.

बाग लेझर व्हॅली या लांबलचक हिरव्या पट्ट्यात आहे. गुलाबांच्या जोडीला बेल, हिरडा, बेहडा, कापूर अशी औषधी झाडं लावलेली आहेत, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

गुलाबाचं खरं काम मात्र फुलं नसताना चालतं. चांगल्या जातीचा डोळा काटक खुंटावर भरायचा, डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग उडवायचा. खुंटालाच फुटवे आले तर ते वेळीच काढायचे, नाहीतर रानटी गुलाब कलमाला खाऊन टाकतो. उत्तर भारतात ऑक्टोबरात छाटणी होते. कात्री डोळ्याच्या जरा वर, तिरकी चालवायची. छाटलेल्या ताटव्यात तेव्हा नुसते काटेरी खुंट दिसतात. हिवाळ्यात बहर धरतो, आणि फेब्रुवारीत इथे गुलाबोत्सव भरतो.

‘आशियातली सर्वांत मोठी’ हे बिरुद बागेमागे हौसेने लावलं जातं. ते नसतं तरी काही बिघडलं नसतं. तिथे जायचं असेल तर फेब्रुवारीअखेर जावं. मे महिन्यातल्या उन्हात गेलात तर गुलाबापेक्षा बेलाची सावली बरी वाटेल.