वाटाड्याने कोठे थांबावे?

आमच्यासारख्या माणसाने इतिहासावर बोलावे, हा अधिकार आम्हांस कोणी दिला, असे एखाद्याने विचारले तर आमच्याजवळ त्याला समाधानकारक उत्तर नाही. शाळा आम्ही आठवीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तथापि इतिहास वाचण्याची एक रीत अशी आहे की, तिला पदवी लागत नाही, पाय लागतात. एखाद्या जुन्या शहरात जाणत्या माणसाबरोबर पायी हिंडावे, तो थांबेल तेथे थांबावे, तो दाखवील ते पाहावे आणि तो जे दाखवीत नाही त्याबद्दल विचारावे, ही ती रीत होय. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

विलायतेत ही रीत चांगली रुजलेली आहे. आम्ही काही विलायत पाहिलेली नाही. वाचले तेवढेच सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्क नावाचे जुने शहर आहे. रोमन लोकांनी वसविलेले, अजून तट शाबूत असलेले. १९५१ सालापासून तेथील काही नागरिकांनी एक मंडळ चालविले आहे. हे लोक आल्यागेल्या पाहुण्याला आपले शहर पायी फिरवून दाखवितात आणि त्याबद्दल पैसा घेत नाहीत, बक्षिशीही घेत नाहीत. आता पाहुण्याला घर दाखविताना आपण काय करतो? दिवाणखाना दाखवितो, देवघर दाखवितो, अडगळीच्या खोलीचे दार लोटून घेतो. पण यॉर्कमध्ये एक उंच टेकाड आहे आणि त्यावर क्लिफर्डचा बुरूज आहे. ११९० साली त्या जागी शहरातल्या सुमारे दीडशे यहुदी माणसांनी जमावाच्या भीतीने आसरा घेतला होता. बाहेर जमाव, आत बायकामुले. त्यांतील बहुतेकांनी स्वतःच्या हाताने मरण पत्करले. जे शरण आले त्यांना कापून काढण्यात आले. त्या घटनेची पाटी तेथे १९७८ साली बसली. म्हणजे आपल्या शहराच्या हातून घडलेले पाप दगडावर लिहावयास त्या लोकांना जवळजवळ ८०० वर्षे लागली. पण त्यांनी ते लिहिले खरे!

दुसरे उदाहरण आमच्या धंद्याला अधिक जवळचे आहे. मँचेस्टर हे कापडाचे शहर. १८१९ च्या १६ ऑगस्टला तेथील सेंट पीटरच्या मैदानावर सुमारे ६० हजार माणसे जमली होती. त्यांत हातमागावर विणणारे पुष्कळ. मँचेस्टरसारख्या शहराचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटात नव्हता. मताचा हक्क द्या, एवढेच त्यांचे मागणे. त्या निःशस्त्र सभेवर घोडेस्वार घातले गेले, तलवारी चालल्या. पुढे १९७२ साली त्या जागेवर एक निळी पाटी लागली. तीत सभेचा उल्लेख होता आणि लष्कराने ती सभा पांगविली असे लिहिले होते. ‘पांगविली’! कोंबड्या पांगवाव्यात तशी. मेले किती, जखमी किती, याबद्दल अक्षर नाही. तेथील लोकांनी त्या एका शब्दासाठी भांडण मांडले आणि २००७ साली ती पाटी जाऊन तांबडी पाटी आली. तिच्यावर १५ मृत्यू आणि सहाशेहून अधिक जखमी असे स्पष्ट लिहिलेले आहे. २०१९ साली, दोनशे वर्षे पुरी झाली तेव्हा, मोठे स्मारकही उभे राहिले.

हे वाचल्यापासून आमच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या माणसांना सोलापूर असेच पायी दाखवावे. आपण मोहोळकर सोलापूरला शंभरदा जातो. दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी. पण शहर म्हणून ते किती जणांनी पाहिले आहे? म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तीसपस्तीस मंडळींना घेऊन आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. वाटाड्याचे काम आमच्याकडे होते. कोठे थांबायचे आणि काय सांगायचे, याचा एक कागद लिहून आम्ही खिशात ठेवला होता.

पहिला थांबा स्टेशनचाच. मुंबईहून निघालेला लोखंडी रस्ता १८६० साली इकडे आला. आधी आपल्या मोहोळपर्यंत, आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी सोलापूरपर्यंत. म्हणजे थोडे दिवस का होईना, आगगाडीचे शेवटचे टोक आपले मोहोळ होते! ही गोष्ट ऐकून मंडळींच्या चेहऱ्यावर आलेली टवटवी आम्ही विसरणार नाही. रूळ आले म्हणून कापूस बाहेर जाऊ लागला, यंत्रे आत येऊ लागली आणि १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच लोक पुढे ‘जुनी गिरण’ म्हणू लागले.

तेथून भुईकोट किल्ला. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. १५६४ च्या सुमारास अहमदनगरच्या चांदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूर आंदणात दिले गेले. किल्ल्याबरोबर रयतही गेली. तिला कोणी विचारले नाही. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो किल्ला पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. लगतच सिद्धेश्वराचे तळे. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर बसवेश्वरांच्या परंपरेतले. ‘कायक’ म्हणजे हाताचे काम हीच पूजा मानणारी ती परंपरा. त्यांनी लोकांना हाताशी धरून हे तळे खोदविले असे सांगतात. तटाकडे पाहून मान वर करावी लागते; तळ्याकडे पाहताना मान खाली जाते आणि कुदळ मारणारे हात आठवतात. एकाच जागी दोन तऱ्हेचे इतिहास असे शेजारी शेजारी पडलेले आहेत.

मग चार हुतात्म्यांचा चौक. १९३० च्या ६ एप्रिलला सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढले. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना पकडल्याची बातमी आली आणि शहर उसळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे पडली, जमावही बेभान झाला. मंगळवार पेठेतील चौकीवरचे दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळली. काही दिवस सरकारचा अंमल शहरात उरलाच नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जून अखेरपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी घालणे हा त्या दिवसांत गुन्हा होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे साप्ताहिक चालवीत आणि गिरणी कामगारांत काम करीत. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान, असे चौघे एकाच पहाटे गेले. हे सांगताना आमचा आवाज चढला होता, हे आम्ही कबूल करतो.

शेवटी आम्ही मंडळींना जुन्या गिरणीच्या आवाराकडे नेले. आता तेथे ना भोंगा, ना पाळी. येथे आमचे भाषण तयारच होते. १९४९ च्या ऑगस्टात ही गिरणी मालकांच्या कारभारामुळे बंद पडली. हजारो माणसे एका दिवसात रस्त्यावर आली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये त्याचा अर्ज बहुमताने फेटाळला गेला. नव्या राज्यघटनेतील समानतेच्या हक्कावरचा हा अगदी सुरुवातीचा निकाल. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. त्या निकालात भागधारकाचे नाव आहे, कंपनीचे नाव आहे, न्यायमूर्तींची नावे आहेत. पण साच्यावर उभा राहणारा, साळखात्यातला, मस्टरवर अंगठा उठविणारा एकही माणूस नावाने त्यात नाही. मँचेस्टरच्या निळ्या पाटीसारखेच हे झाले, असे म्हणून आम्ही भाषण संपविले. टाळ्या पडल्या. आम्हांसही बरे वाटले.

तेवढ्यात मागून एक म्हातारी बाई पुढे आल्या. मोहोळात लेकीकडे राहतात, मूळच्या सोलापूरच्या. त्या म्हणाल्या, “दादा, किल्ल्याचा तट तुमी दोनदा दावला. आमचं तारंचं कुंपण कवा दावनार?”

आम्ही म्हणालो, “मावशी, कसलं कुंपण?”

“सेटलमेंटचं. माझा बाप तिथनं ह्याच गिरणीत कामाला येत हुता. पाळी सुटली की पुन्हा हजेरीला आत.”

श्रोतेहो, आमच्या खिशातल्या कागदावर सेटलमेंट नव्हती. ती ठाऊक नव्हती असे नाही. सोलापुरात राहिलेल्या कोणाला ती ठाऊक नाही? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींत जो जन्मला तो जन्मतःच गुन्हेगार, असा त्या कायद्याचा न्याय. १९११ च्या कायद्याने तो आणखी जाचक झाला आणि सोलापुरात काटेरी तारेच्या आत या लोकांची वसाहत झाली. रोजची हजेरी, बाहेर जायला परवाना, आणि कामाला गिरणी. गिरणीला हुकमी मजूर मिळाले आणि सरकारला पहारा सोपा झाला. मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. तारा गेल्या, पण सेटलमेंट हे नाव मात्र आजही पत्त्यावर लिहावे लागते.

मग आम्ही का विसरलो? याचे खरे उत्तर देणे जड जाते, पण ते दिल्यावाचून हे व्याख्यान अपुरे राहील. आम्ही तीस वर्षे ‘कामगार तेवढा एक’ अशी घोषणा देत आलो. आमचे वडील गिरणीत साचेवाले होते. आमच्या चाळीत कोणाची घागर हरवली की पहिले नाव सेटलमेंटवाल्याचे निघे, आणि सेटलमेंटचा माणूस गल्लीतून गेला की आमच्या आईने कडी लावलेली आम्ही लहानपणी पाहिली आहे. कायदा १९५२ साली मेला. आमच्या दाराची कडी त्यानंतर कितीतरी वर्षे जिवंत होती. पुढे आम्ही हस्तपत्रके लिहिली, त्यांत मालकांना झोडपले, सरकारला झोडपले. पण एकाच यंत्रावर काम करून एक कामगार चाळीत परततो आणि दुसरा तारेच्या आत हजेरीला जातो, हे एकाही पत्रकात लिहिले नाही. निळ्या पाटीला नावे ठेवणाऱ्या आमच्या कागदावरही एक गोष्ट अशीच ‘पांगविलेली’ होती.

त्या दिवशी आम्ही कागद खिशात घातला आणि मावशींना पुढे केले. फ्री कॉलनीपर्यंत त्या आम्हांला घेऊन गेल्या. तार कोठून कोठवर होती ते त्यांनी हाताने दाखविले. पाहण्यासारखे तेथे काही नव्हते. घरे, दुकाने, शाळेतून येणारी पोरे असावीत तशीच एक वस्ती. परंतु साऱ्या दिवसात मंडळी सर्वांत शांत राहिली ती तेथे.

परतताना गाडीत एका तरुणाने आणखी एक प्रश्न टाकला. मंगळवार पेठेत मारले गेले त्या दोन पोलिसांची घरे कोठे होती? तेही कोणा गरिबाचेच मुलगे असतील. चार हुतात्म्यांपुढे आमची मान लवते, ती यापुढेही लवेल. पण त्या प्रश्नाने हुतात्म्यांचे मोठेपण उणे होते असे आम्हांस वाटत नाही. परक्या राज्याने आपल्याच माणसांच्या हाती काठ्या देऊन आपल्याच माणसांपुढे उभे केले, ही गोष्ट त्यानेच पुरती कळते. यॉर्कचा वाटाड्या बुरुजापाशी थांबतो म्हणून यॉर्कचा तट लहान होत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. वाटाड्याची परीक्षा तो काय दाखवितो यावरून करावीच. पण ज्या जागी थांबले तर त्याला स्वतःला, त्याच्या जातीला, त्याच्या गावाला, त्याच्या युनियनला खाली पाहावे लागेल, तेथे तो थांबतो की नाही, यावरून ती पुरी होते.

आपल्या मोहोळातही अशी वाट आखता येईल. नागनाथाचे देऊळ आहे, १८६० सालचे स्टेशन आहे, आठवड्याचा बाजार आहे. त्या वाटेवर गावकुसाबाहेरचा थांबा असेल की नाही, कोणती विहीर कोणासाठी बंद होती हे सांगितले जाईल की नाही, ते आपण ठरवावयाचे आहे. हे काम एकट्याचे नव्हे. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही स्टेशनवर उभे राहू. ज्यांना यावयाचे त्यांनी यावे, आणि येताना घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणावे. कागद या खेपेस कोराच ठेवणार आहोत.